गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची मूळव्याध

रानजाई

हा विषय मांडावा की नाही, या विचारात माझे पाच महिने गेले. आज बाळ पाच महिन्यांचे झाले आहे, जमिनीवर मांडी घालून बसता येऊ लागले आहे (मला, बाळाला नव्हे), त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

सातवा महिना लागला तेव्हा शौचाला खडा होऊ लागला. लोहाची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून रोज रात्री सुरू होती. आधी एक दिवसाआड, मग दोन-तीन दिवसांनी पोट साफ होई आणि तेही कुंथून. एके सकाळी भांड्यात लालभडक रक्ताचे थेंब दिसले. दुखत काहीच नव्हते, पण गरोदर बाईला रक्त दिसले की तिच्या मनात पहिला विचार कोणता येतो, हे वेगळे सांगायला नको. ते रक्त मागच्या वाटेचे आहे याची खात्री पटेपर्यंत अर्धा तास गेला. मग जीव भांड्यात पडला, आणि हे कोणालाही सांगायचे नाही असेही मी त्याच वेळी ठरवून टाकले.

पुढे मी जे केले, ते सांगण्यासाठीच हा धागा काढला आहे. गोळीमुळे खडा होतो हे ओळखून मी गोळी बंद केली. डॉक्टरांना, नवऱ्याला, आईला, कोणालाच सांगितले नाही. पाकिटातली एक गोळी मी रोज न चुकता बाहेर काढत असे आणि बेसिनमध्ये टाकत असे, कारण पाकीट संपते आहे की नाही याकडे सासूबाईंचे अगदी प्रेमाने लक्ष होते. पाच आठवड्यांनी रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ वरून ९.६ वर आले होते. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या नियमित घेता ना?" मी मान डोलावली. त्यांनी मात्रा वाढवून दिली.

न घेतलेल्या गोळीची मात्रा वाढवून मिळालेली ती चिठ्ठी हातात धरून मी बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले, आणि मग पुन्हा आत जाऊन खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रक्त केव्हा पडते, मोड बाहेर येतो का, आला तर आपोआप आत जातो का, असे तीन-चार प्रश्न त्यांनी विचारले, तपासले, मल मऊ करणारे औषध दिले, लोहाची गोळी बदलली आणि दोन आठवड्यांनी बोलावले. जी गोष्ट सांगायला मी दीड महिना घाबरले, ती सांगून व्हायला दोन मिनिटे लागली.

तरीही पूर्ण सुटका झाली नाही. प्रसूती नैसर्गिक झाली, टाके पडले, आणि तिसऱ्या दिवशी शौचाच्या जागी द्राक्षाएवढी, जांभळट, ताठ गाठ आली. बसता येईना, कुशीवर वळता येईना, बाळाला मांडीवर घेता येईना. प्रसूतीच्या कळांनी मला रडवले नव्हते, या गाठीने रडवले. त्यातच माहेरी बाळंतिणीची पथ्ये चालू होती. पाणी मोजून, पालेभाजी बंद, कडधान्य बंद, समोर तूपभात, खसखशीची खीर आणि डिंकाचे लाडू. आईने सगळे मायेनेच केले, पण त्या आहारात पोट साफ कसे व्हावे?

सव्वा महिन्यात गाठ जिरली, फक्त कातडीचा एक लहानसा पदर तेवढा राहिला आहे. ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहावे. ज्यांना आत्ता हा त्रास होत आहे, त्यांनी टोपणनावाने का होईना, विचारावे.


खारीचा वाटा

"अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर" ही म्हण मी लहानपणापासून हसत हसत ऐकत आले. लग्न झाल्यावर तिचा अर्थ कळला, कारण माझे सख्खे धाकटे दीर शल्यचिकित्सक आहेत आणि त्यांचे मुख्य काम मूळव्याध, भगंदर आणि फिशर हेच आहे. आम्ही एकाच घरात राहतो. दोन्ही बाळंतपणांत मला मूळव्याधीचा त्रास झाला आणि दोन्ही वेळा मी ४० किलोमीटर दूरच्या अनोळखी डॉक्टरांकडे गेले. दिरांना ते आजतागायत माहीत नाही. त्यांनाही ते नको असावे, असे मला वाटते.

रानजाई, गोळ्या बेसिनमध्ये टाकणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. मी तुळशीच्या कुंडीत पुरत असे.


पाणवठा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि तालुक्याच्या गावी एकोणीस वर्षे काम करते आहे. रानजाई यांनी जे लिहिले ते माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी घडते. फरक इतकाच, की बहुतेक जणी बाहेरच्या बाकावरून परत आत येत नाहीत.

मूळव्याध हा बाहेरून आलेला विकार नव्हे. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येक माणसाला जन्मापासून असतात. त्या साधारणपणे तीन असतात आणि गुदद्वार नीट मिटलेले राहावे यासाठी त्यांचा उपयोग असतो. या गाद्या फुगल्या, खाली सरकल्या, त्यांतून रक्त येऊ लागले की आपण तिला मूळव्याध म्हणतो. गरोदरपणात तसे व्हायला सगळीच कारणे एकदम जुळून येतात. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे गर्भाशयाचे स्नायू सैल राहतात, आणि ते राहायलाच हवेत, पण त्याच संप्रेरकाने आतड्याचे स्नायूही सैलावतात. मल पुढे सरकायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात आतडे त्यातले पाणी शोषून घेते आणि खडा होतो. शरीरातील रक्ताचे आकारमान गरोदरपणाच्या अखेरीस ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते. वाढलेल्या गर्भाशयाचा भार ओटीपोटातील शिरांवर पडतो, त्यामुळे खालचे रक्त वर जाताना अडते. वरून लोहाची गोळी. आणि शेवटी प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यात, बाळ बाहेर येताना, तास-दीड तास लावलेला जोर. इतके सगळे होऊनही ज्यांना काही त्रास होत नाही, त्यांचेच मला आश्चर्य वाटते.

आतली मूळव्याध सहसा दुखत नाही, कारण आतल्या अस्तराला वेदना कळत नाही. ती रक्ताच्या थेंबांनी किंवा बाहेर डोकावणाऱ्या मोडाने कळते. नुसते रक्त येत असेल तर ती पहिल्या पायरीवर आहे. मोड बाहेर येऊन आपोआप आत गेला तर दुसऱ्या, बोटाने ढकलावा लागला तर तिसऱ्या आणि आत जातच नसेल तर चौथ्या पायरीवर. बाहेरची मूळव्याध मात्र कातडीखाली असते आणि तिच्यात रक्त साकळले की रानजाईंसारखी जांभळट, असह्य दुखणारी गाठ येते. ही गाठ दिसते भयंकर, पण बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत दुखणे ओसरते आणि पुढे ती हळूहळू जिरते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाखवले तर जागा बधिर करून छोटीशी चीर देऊन साकळलेले रक्त काढता येते. नंतर आलात तर ते काढण्यात फारसा अर्थ उरत नाही, कारण तोवर उतार सुरू झालेला असतो.

तिसरी गोष्ट फिशरची, म्हणजे चिरेची. शौचाच्या वेळी काच कापत गेल्यासारखे वाटले आणि नंतर तास-दोन तास आग होत राहिली, तर ती बहुधा मूळव्याध नसते, चीर असते. बाळंतिणींमध्ये ती पुष्कळ आढळते. आपल्याकडे त्या जागेच्या सगळ्याच दुखण्यांना मूळव्याध म्हणतात आणि एकीच्या चिठ्ठीवर दुसरी औषध आणते, म्हणून हे लांबण लावले.

आता लोहाबद्दल. सरकारी धोरणानुसार गरोदर स्त्रीला दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी दिली जाते आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र. रानजाई पाच आठवड्यांत सौम्यावरून मध्यमावर गेल्या, ते त्यामुळेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. अशा देशात खडा होतो म्हणून गोळी गुपचूप बंद होणे ही लहान गोष्ट नाही, कारण प्रसूतीच्या वेळी थोडाफार जादा रक्तस्राव झाला तर तो सोसण्याची ताकद या गोळीतूनच येते. गोळी सोसत नसेल तर प्रकार बदलता येतो, मात्रा किंवा वेळ बदलता येते, आणि तरीही जमले नाही तर पहिली तिमाही उलटल्यावर शिरेतून लोह देता येते. पण "सोसत नाही" हे आम्हाला कोणीतरी सांगायला हवे.

एक खुलासा करते. गोळी सुरू असताना शौचाचा रंग काळपट हिरवा होतो, ते रक्त नव्हे. लाल दिसते ते रक्त.


केतकीचे बन

डॉक्टर, सहावा महिना सुरू आहे. रानजाईंना रक्त कुठून आले हे कळायला अर्धा तास लागला, तशीच माझी गत काल झाली. हे ओळखायचे कसे? आणि सासूबाई म्हणतात, रात्री दुधातून चमचाभर एरंडेल घे, सकाळी कोठा साफ. घ्यावे का?


पाणवठा

एरंडेल घेऊ नका. सासूबाईंचा हेतू चांगला आहे आणि एरंडेल हे जुने रेचक आहे, परंतु ते आतड्यांना जोराने चाळवते आणि गर्भाशयालाही कळा आणू शकते. सोनामुखी घातलेली चूर्णेही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. बाजारातल्या 'आयुर्वेदिक' डब्यांच्या मागे घटकांची यादी असते, ती वाचली तर सोनामुखी पुष्कळ ठिकाणी सापडेल. त्याऐवजी इसबगोलाचा भुसा किंवा लॅक्ट्युलोज या दोन्ही गोष्टी गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालतात. इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि वर आणखी पेलाभर पाणी घ्यावे. पाणी कमी पडले तर तेच आत फुगून बसते आणि मग बायका म्हणतात, इसबगोलाने जास्तच धरले. लॅक्ट्युलोजने पहिले काही दिवस पोट गुबारते, तेवढे सोसावे. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर घेऊ नये आणि चहाबरोबर लोह तर मुळीच नको.

रक्ताबद्दल. जागा धुऊन, कोरडी करून स्वच्छ पॅड लावा. शौचाला न जाताही पॅडवर रक्त दिसले तर ते योनिमार्गातून आले आहे असे समजा आणि थेट रुग्णालय गाठा. शेवटच्या तिमाहीत तर दुखत नसले तरी थांबू नका, कारण वार (प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असल्यास रक्त दुखण्याशिवायच येते. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. केवळ शौचाच्या वेळी, मलावर किंवा शेवटी थेंबांनी रक्त आले तर ती घाई नाही, पण पुढच्या भेटीत दाखवायचेच. आणि संशय असेल तर पॅडचा हिशोब करत बसू नका, या.


ओसरी

माझे वय ६८. दोन मुली, दोन सुना आणि एक पुतणी अशी पाच जणींची सात बाळंतपणे मी केली आहेत. रानजाईच्या आईची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहिते.

आमच्या वेळी बाळंतिणीला पाणी कमी देत, कारण पाण्याने पोट सुटते अशी समजूत होती. शिवाय पाणी विहिरीचे किंवा नदीचे, ते बाधू नये म्हणून उकळून, ओवा-बाळंतशेपा घालून, तेवढेच द्यायचे. त्या उकळण्यात शहाणपण होते. मोजण्यात नव्हते, हे मी आता कबूल करते. माझ्या थोरल्या मुलीने आठव्या दिवशी मोरीत जाऊन चोरून तांब्याभर पाणी प्यायले होते. ते तिने मला पंधरा वर्षांनी सांगितले.

पालेभाजी बाळाला बाधते, डाळीने बाळाचे पोट फुगते, असे आम्ही धरून चालायचो. परंतु माझ्या सासूबाई बाळंतिणीला शेपू आणि लाल भोपळा आवर्जून द्यायच्या, आणि मुगाचे वरणही. म्हणजे परंपरा म्हणून जे सांगतात ते घराघरांत वेगळे आहे. सगळे टाकून देऊ नका. ताजे ताक, जिरे घालून. ज्वारीची भाकरी, दुधात कुसकरून का होईना. भिजवलेले काळे मनुके आणि अंजीर. आणि सुरण. सुरणाला संस्कृतात अर्शोघ्न म्हणतात, अर्श म्हणजे मूळव्याध. चिंच किंवा आमसूल घालून शिजवायचा, नाहीतर घसा खाजेल. डिंकाचे लाडू मात्र दिवसाला एक पुरे. आम्ही तीन-तीन देत होतो आणि मग शौचाला होत नाही म्हणून एरंडेल पाजत होतो.

लाजेचे म्हणाल तर आम्हाला सांगायला शब्द तरी होते. "खडा होतो", "कोंब आलाय" असे म्हटले की घरातली कोणतीही बाई समजून जायची. आता एकीकडे शब्द गेले आणि दुसरीकडे घरात बाई राहिली नाही.


रानजाई

ओसरी आजी, तुमचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही झाली होती, तुझ्या वेळी." तीस वर्षांत हे पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकले. तिच्या आईने तिला पाणी मोजून दिले होते आणि तिने मला.

आजी, एका गोष्टीवर मात्र मी असहमत आहे. शब्द होते हे खरे, पण ते घरातल्या बायकांपुरतेच होते. डॉक्टरांसमोर तुमच्या पिढीनेही "पोट साफ होत नाही" याच्यापलीकडे काही सांगितले असेल, असे मला वाटत नाही.


ओसरी

हे खरे आहे.


बांधावरची बोर

मी आशा स्वयंसेविका आहे. दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळंतिणीच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. बाळाचे वजन, तापमान, अंगावर पाजणे हे पाहतो, आईची विचारपूस करतो. पहिल्या दोन भेटींत हा विषय कोणीच काढत नाही. घरात माणसे असतात, सासरे ओसरीवर बसलेले असतात. मी स्वतः पूर्वी विचारत असे, "काही त्रास आहे का?" उत्तर ठरलेले, "नाही."

आता मी तसे विचारत नाही. बाळ पाजायला घे म्हणते आणि ती कशी बसते ते पाहते. एका बाजूवर भार देऊन, एक मांडी उचलून बसली की मला कळते. मग बाकीच्यांना बाहेर पाठवून थेट विचारते, "खडा होतो का? बसताना टोचते का?" दहापैकी तीन-चार जणी तेव्हाच रडायला लागतात. माझ्या गावचा हा माझा अनुभव आहे, कुठली आकडेवारी नाही. टाक्यांचे दुखणे सांगायला त्यांना लाज वाटत नाही, कारण टाके डॉक्टरांनी घातलेले असतात. हे दुखणे मात्र आपल्याच अंगाचा दोष आहे असे त्या समजतात. आणखी एक भीती असते. टाके तुटतील म्हणून त्या पहिले चार-पाच दिवस शौचालाच जात नाहीत, कमी खातात, कमी पितात, आणि मग जो खडा होतो त्याने रक्त येते. त्यांना मी सांगते, की स्वच्छ पॅड टाक्यांवर हाताने हलकेच धरून बस, टाके तुटत नाहीत. आमच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमनी हे मला शिकवले.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिथे हे विचारता येते. गर्दी फार असते, म्हणून मी माझ्या बायकांना त्रास कागदावर लिहून देते. कागद पुढे करायला बोलावे लागत नाही.


उंबरठा

पुरुषाने येथे लिहावे की नाही, याचा विचार करून लिहितो आहे. पत्नीच्या प्रसूतीनंतर दहाव्या दिवशी तिने मला सांगितले आणि मी लगेच औषधांच्या दुकानात गेलो. काउंटरवर चार माणसे होती. मी हळू आवाजात मागितले, दुकानदाराने मोठ्या आवाजात विचारले, "मूळव्याधीचे का? कोणाला?" मी म्हणालो, "मला." त्याने एक मलम दिले. ते आम्ही महिनाभर लावले. नंतर डॉक्टरांनी नळी पाहून सांगितले, की त्यात स्टिरॉइड आहे आणि ते एखादा आठवडाच वापरायचे असते, कारण पुढे तिथली कातडी पातळ होऊ लागते. पत्नीने सांगितलेला त्रास दुकानात "मला" झाला, म्हणून ती अंगावर पाजते हे दुकानदाराला कळण्याचा प्रश्नच आला नाही. चूक माझी होती.

माझा प्रश्न असा आहे. एसटी स्थानकापासून घरापर्यंत "विनाऑपरेशन, विनाटाका, हमखास इलाज" अशा किमान सहा पाट्या आहेत. आता लेझरच्या जाहिरातीही मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. पत्नीची प्रसूती होऊन तीन महिने झाले, अधूनमधून रक्त येते. शस्त्रक्रिया करून टाकावी का?


पाणवठा

उंबरठा, तुम्ही लिहिलेत ते बरे झाले. पाट्यांबद्दल स्पष्टच सांगते. तिथे कोणते रसायन टोचले जाते हे रुग्णाला माहीत नसते आणि तिथून बिघडून आलेल्या स्त्रियांना नंतर शल्यचिकित्सकांकडे महिनोन्‌महिने खेपा घालाव्या लागतात. क्षार, अग्नी आणि शस्त्र हे उपाय सुश्रुताने औषधाबरोबर सांगितले आहेत, त्यामुळे पदवीधर वैद्यांच्या क्षारकर्माला माझा विरोध नाही. पाटीखाली बसणाऱ्याकडे पदवी कोणती आहे, एवढे विचारा.

प्रसूतीनंतर पहिले सहा ते आठ आठवडे बहुतेकींचा त्रास आपोआप उतरत असतो, म्हणून त्या काळात शस्त्रक्रियेचा विचारही सहसा करत नाहीत. तीन महिन्यांनंतरही रक्त येत असेल तर आधी शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्या. मूळव्याध आहे की चीर, हे बोट आणि दुर्बीण ठरवेल, अंदाज नव्हे. पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर आहार आणि औषधांनी भागते. न भागल्यास मोडाच्या मुळाशी रबराचे कडे बसवतात, ते बाह्यरुग्ण विभागातच होते, भूल लागत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. लेझर हीसुद्धा शस्त्रक्रियाच आहे, तिलाही भूल द्यावी लागते आणि तिच्यानंतरही खडा होत राहिला तर मूळव्याध परत येते. हिमोग्लोबिनही तपासा, कारण अधूनमधून येणारे थोडे रक्त महिनोन्‌महिने जात राहिले तर त्याचा हिशोब तिथे दिसतो. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा आव पडत असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. बाळंतपणानंतरचे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे गृहीत धरू नये.


शेवंती

माझे सिझेरियन झाले. मला मूळव्याध होणार नाही असे सगळे म्हणत होते, तरी झाली. आणि मैत्रिणीला सातव्या महिन्यात मूळव्याध आहे म्हणून ती स्वतःहून सिझेरियन मागते आहे. तिला काय सांगू?


पाणवठा

सिझेरियनने जोर लावण्याचा भाग टळतो, बाकीची सगळी कारणे नऊ महिने घडलेलीच असतात. वर शस्त्रक्रियेनंतरची पडून राहण्याची सक्ती आणि वेदनाशामके, त्यांनीही पोट धरते. निव्वळ मूळव्याध आहे म्हणून सिझेरियन करत नाहीत. पोटावरची जखम आणि त्याखेरीज मूळव्याध, असे दोन्ही पदरात पडू शकते, हे मैत्रिणीला सांगा.


केतकीचे बन

सर्वांचे आभार. पॅड लावून पाहिले, शौचाच्या वेळचेच रक्त होते. काल डॉक्टरांना सांगितलेही. त्यांनी कोमट पाण्यात बसायला सांगितले आहे, परंतु आमच्याकडे बाथटब नाही आणि सहा महिन्यांचे पोट घेऊन बादलीत बसता येणार नाही. कोणी कसे केले?


रानजाई

बाथटब आमच्याकडेही नव्हता. बोहारणीकडून घेतलेले रुंद, उथळ प्लास्टिकचे घमेले मी घासून, उकळत्या पाण्याने धुऊन फक्त त्यासाठीच ठेवले. ते बुटक्या, मजबूत पाटावर भिंतीला लागून ठेवायचे, म्हणजे खूप खाली बसावे लागत नाही आणि उठताना भिंतीचा आधार मिळतो. नवऱ्याला किंवा सासूबाईंना हाताला धरायला सांगा, ओल्या फरशीवर एकटीने उठू नका. पाणी कोपर बुडवून पाहायचे, बाळाच्या अंघोळीला पाहतात तसे. दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, आणि एक वेळ तरी शौचानंतर लगेच. पाण्यात जंतुनाशक, मीठ, हळद काही घालायचे नाही, मी पहिल्या दिवशी जंतुनाशक घातले होते आणि आग आग झाली. नंतर मऊ कापडाने टिपायचे, पुसायचे नाही.

आणखी दोन गोष्टी तेव्हाच सुरू केल्या. कमोडवर बसताना पायांखाली तोच पाट घेते, म्हणजे गुडघे वर येतात आणि जोर कमी लागतो. आणि मोबाइल बाहेर ठेवते, पाच मिनिटांत झाले नाही तर उठते. बाळ झाल्यावर बसून पाजता येईना तेव्हा कुशीवर झोपून, पाठीशी उशी लावून पाजले. ती पद्धत आधीच शिकून ठेवा, ऐनवेळी बाळाला आणि आपल्याला दोघांनाही जमत नाही.


ओसरी

घमेल्याला कडा धारदार नाही ना, ते हात फिरवून पाहून घे. आणि सुरण आणशील तेव्हा आमसूल विसरू नकोस.